मुळं तुटलेली हिरवळ

गवतकाकू हे नाव त्यांना चिडवायला पडलं होतं. पण चिडवायला पडलेलं नाव माणसानं खुशाल मिरवायला घेतलं, की चिडवणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. काकूंनी तेच केलं. पुढं पुढं तर पोस्टमनसुद्धा "गवतकाकू कुठं राहतात हो?" असं विचारत यायचा, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव कारखान्याच्या हजेरीपुरतं उरलं.

कारखाना पत्र्याचे डबे बनवायचा. त्याची कामगार वसाहत म्हणजे चार दुमजली इमारती, चौकोनात समोरासमोर उभ्या, आणि मधे जागा. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्या जागेला मोकळी म्हणायची सोय नव्हती. भट्टीची राख, पत्र्याची कातरणं, वाकडी झालेली झाकणं, जे कारखान्याला नको ते तिथं येऊन पडायचं. पुरुष ते ओलांडून पाळीवर जायचे, बायका ते ओलांडून नळावर, आणि पोरं त्यातच वाढायची. काकूंची थोरली मुलगी रांगायला लागली आणि लागलीच गुडघा फाडून घेऊन आली. काकूंनी तिला काखेला मारली आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"ती राख उचला तिथली."

"बाई, ती जागा कारखान्याची आहे," मॅनेजर म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत. मग टाकेही कारखान्यानंच घालावेत." आणि पोरीचा रक्ताळलेला गुडघा त्याच्या कागदांवर टेकवला.

राख उचलली गेली. कातरणं मात्र कोण वेचणार? ती काकूंनी वेचली. झाकणांच्या प्रेसवर आठ तास उभं राहून घरी यायचं, चहा घशाखाली ओतायचा आणि घमेलं घेऊन खाली उतरायचं. लोक गॅलरीतून बघायचे. बघणाऱ्यांची कधीच कमी नसते. हात लावणाऱ्यांची असते. कालव्याच्या काठावरून त्यांनी गवताच्या वेली ओल्या पोत्यात बांधून आणल्या आणि चिमूट चिमूट करून मातीत खोचल्या. "गवत काय लावतेस, ते तर न लावता येतं," असं म्हणणारे शहाणे होतेच. त्यांना काकू म्हणायच्या, "मग तुमच्या डोक्यावर का नाही आलं अजून?"

किती पावसाळे गेले कुणास ठाऊक, पण एका सकाळी वसाहत उठली तर मधली जागा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवीगार. काकूंच्या दोन्ही मुली तिथंच चालायला शिकल्या, तिथंच भांडल्या आणि तिथूनच सासरी गेल्या. आजारातून उठलेलं माणूस पहिल्यांदा बाहेर आणून बसवायचं ते तिथं. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी पाळीवरचे सगळे पुरुष जेवणाचे डबे हातात घेऊन तिथंच येऊन बसले होते. एरवी काकूंचा नियम कडक: चप्पल काठावर काढायची. त्या दिवशी बूट घालून बसलेल्या एकालाही त्यांनी हटकलं नाही.

काकूंचे यजमान बॉयलरवर होते. आयुष्यभर त्या धडधडीत राहून त्यांचे कान गेले, म्हणून ते जगाशी ओरडून बोलायचे. लोक त्यांना बॉयलरकाका म्हणायचे. "आमच्या हिचा जीव गवतात," असं ते कुणालाही सांगायचे, आणि ते समोरच्या इमारतीतही ऐकू जायचं.

समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, राहायच्या काकूंच्या मोठ्या जाऊबाई.

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं ह्यावरच घडलं. काकू नवी नवरी होऊन आल्या तेव्हा जाऊबाईंनी त्यांना पातेलं कसं धरायचं इथपासून पदर कसा खोचायचा इथपर्यंत सगळं शिकवलं. चांगलं शिकवलं, पण चारचौघांत शिकवलं. तेव्हापासून काकूंच्या मनात गाठ बसली. जाऊबाईंनी पूर्व म्हटलं की काकूंचा सूर्य पश्चिमेला उगवायचा. जाऊबाईंनी मीठ कमी आहे म्हटलं की काकू त्या दिवशी अळणी जेवायच्या. भांडण म्हणाल तर एकदाही नाही. आजारपणात डबा जायचा, बाळंतपणात हात लागायचा. फक्त ऐकायचं नाही. कुणाचंही ऐकेन, दारावरच्या भंगारवाल्याचंही ऐकेन, पण जाऊबाईंचं नाही, असा तो न बोललेला, तरी कधी मागं न घेतलेला पण होता.

दीर गेल्यावर जाऊबाईंनी खिडकीखालच्या पट्टीत गुलाब लावले. फुलं कोपऱ्यावरचा फुलवाला घेऊन जायचा. त्यांचं चूल-चहाचं त्यावर भागायचं आणि त्यांना कुणापुढं हात पसरावा लागायचा नाही. हिरवळ संपायची तिथं गुलाब सुरू व्हायचे. दोन जावांच्या दोन बागा, मधे वीतभर उंचीची विटांची कड. बॉयलरकाका म्हणायचे, "ती सरहद्द आहे. पासपोर्ट लागतो!"

कारखाना बंद झाल्यावर वसाहतीची जमीन नगरपालिकेकडं गेली. घरं राहू दिली, पण मधल्या जागेवर साहेब लोकांचा डोळा. आजूबाजूला गाड्या वाढलेल्या, लावायला जागा नाही. वसाहतीतले एक शिंपी होते, बोलायला खमके, त्यांनी सह्या गोळा केल्या, खेटे घातले, आणि कसाबसा एक ठराव पदरात पाडून घेतला: जागेवर जिवंत हिरवळ असेल तर ती बाग. नसेल तर वाहनतळ. दरवर्षी पावसाळा संपला की उद्यान खात्याच्या मॅडम येणार, बघणार, लिहून जाणार.

"हिरवळ मेली तर मी मेले असं समजा," काकू शिंपीदादांना म्हणाल्या होत्या.

"तुम्ही दोघीही मरू नका म्हणजे झालं," शिंपी म्हणाले.

आणि मग भुंगेरे आले.

गावाबाहेर नवी रोपवाटिका निघाली होती. तिथं कुठून तरी लांबून कुंड्या आल्या आणि कुंड्यांच्या मातीतून हे बिनबोलावलेले पाहुणे. दिसायला देखणे. करंगळीच्या नखाएवढे, मान हिरवी, पाठ घासलेल्या पितळी भांड्यासारखी. वसाहतीनं त्यांना 'पितळे' म्हणायला सुरुवात केली. पितळे पानावर बसायचे आणि शिरा तेवढ्या ठेवून बाकीचं खाऊन टाकायचे. सकाळी पान असायचं, संध्याकाळी पानाची जाळी. गॅलरीतल्या कुंड्या गेल्या, फाटकावरची वेल गेली. जाऊबाई पहाटे गारव्यात उठून साबणाच्या पाण्याची बादली गुलाबाखाली धरायच्या आणि फांदी हळूच हलवायच्या. गारठलेले पितळे टपटप पाण्यात पडायचे. सावकाशीचं काम, पण गुलाब तग धरून होते.

काकूंना सावकाशीचं काम कधीच मानवलं नाही. त्या शेतीऔषधांच्या दुकानात गेल्या आणि सापळा घेऊन आल्या. पिवळं प्लॅस्टिकचं नरसाळं, त्याच्यावर वासाची वडी, खाली पिशवी. वडीचा वास असा की कुजलेलं फळ आणि ताजं फूल एकाच रुमालात बांधावं. हिरवळीच्या काठावर काठी रोवून काकूंनी तो टांगला. दुपारपर्यंत पिशवी निम्मी भरली. सगळी वसाहत बघायला लोटली. पिशवीत पितळे खडबड करत होते आणि काकू बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या, जणू वाघ मारलाय.

"काकू, आम्हालाही सांगा ना कुठं मिळतो!"

"मिळतो तिथं मिळतो. पण घरात लावू नका, पोराबाळांच्या हाताला लागेल. आणा सगळे इथं. मी बघते एकेकाला."

झालं. ज्यानं त्यानं सापळा आणला आणि काकूंच्या स्वाधीन केला. हिरवळीच्या चारही बाजूंनी पिवळी नरसाळी डोलायला लागली. शेजारच्या गल्लीतले दोघेतिघेही देऊन गेले. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण काकू खूश. रोज पिशव्या उतरवायच्या, बादलीत ओतायच्या, पुन्हा टांगायच्या. उन्हाळा असा कडक की सगळीकडची माती भाजून निघालेली, पण काकू रोज संध्याकाळी रबरी नळीनं हिरवळ भिजवायच्या. त्या भागात ओल म्हणून होती ती तेवढीच.

एका संध्याकाळी जाऊबाई विटांच्या कडेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"धाकटे, हा वास आपल्याला इथं असह्य होतोय, तर त्यांना कुठवर जात असेल?"

"जायलाच पाहिजे ना. त्याशिवाय येतील कसे?"

"तेच म्हणते मी. तू त्यांना पकडत नाहीयेस, आवतण देतेयस."

"जाऊबाई, भरलेली पिशवी दिसत नाही का तुम्हाला?"

"पिशवीत पडलेले तुला दिसतात. न पडलेले माझ्या गुलाबावर बसतात. आणि उरलेले तुझ्या गवतात शिरतात, मी रोज बघते. काढ बाई ते सगळं इथून."

हेच वाक्य शिंप्यांनी म्हटलं असतं, पोस्टमननं म्हटलं असतं, तर काकूंनी निदान एक रात्र त्यावर विचार केला असता. पण ते जाऊबाईंनी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी आणखी एक सापळा लावला. विटांच्या कडेला, जाऊबाईंच्या खिडकीसमोर.

आठवड्याभरात गुलाब गेले. पानं गेली, कळ्या उमलायच्या आधी आतून पोखरल्या गेल्या, फुलवाला आला आणि मान हलवून परत गेला. जाऊबाई स्टुलावर बसून मोठ्या कात्रीनं एकेक झुडूप बुंध्यापर्यंत छाटत होत्या. काकू हिरवळीवरून बघत होत्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक बारीकसा खडा होता: माझ्या पिशव्या भरतायत आणि हिची झुडपं जातायत, करा म्हणावं आणखी उपदेश. माणूस चांगलं असलं तरी मनात असले खडे असतातच. फरक एवढाच, की काकूंच्या त्या खड्याचा हिशेब पुढं जमिनीतून वर आला.

भुंगेरे जसे आले तसे गेले. काकूंनी सापळे धुऊन वाळवून ठेवले आणि वसाहतीनं त्यांचं कौतुक केलं. पाऊस आला, हिरवळ तरारली. पावसाच्या शेवटी शेवटी काकूंना पायाखाली काही तरी वेगळं वाटायला लागलं. गवत मऊ लागत होतं. म्हणजे नेहमीचं मऊ नव्हे. कापूस भरलेल्या गादीवर चालावं तसं, पाय किंचित आत जाणारं. बॉयलरकाकांना त्यांनी चालायला लावलं.

"छान आहे की!" काका ओरडले. "स्प्रिंग बसवल्यासारखं!"

मग कावळे यायला लागले. साळुंक्या यायला लागल्या. चोचीनं गवत उचकटून खाली काही तरी टिपायच्या. एके सकाळी काकू खुरपं घेऊन बसल्या, कावळ्यांनी उचकटलेला एक तुकडा नीट बसवावा म्हणून त्यांनी त्याची कड धरली. तुकडा हातात आला. त्याच्याबरोबर शेजारचा आला, त्याच्या शेजारचाही. दारातलं पायपुसणं उचलावं तसं गवत उचललं जात होतं. वरून हिरवं, खालून एकही मूळ नाही. आणि खालच्या काळ्या मातीत, जिथं बघावं तिथं, पांढऱ्या, जाड्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. हुमणी. तपकिरी डोकी हलवत, मुळं खात.

काकू तिथंच बसून राहिल्या. मग उचललेलं गवत त्यांनी परत खाली पसरलं, वरून हात फिरवला, आणि कुणी बघितलं का ते चारी गॅलऱ्यांकडं वळून पाहिलं.

दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बी तोलत होता, ते त्यानं थांबवलं.

"सापळे कुठं लावले होते, काकू?"

"हिरवळीच्या कडेनं."

"सगळे?"

"सगळ्यांचे सगळे."

त्यानं कपाळाला हात लावला नाही, पण लावायच्या बेतात होता. "अहो, सापळा बागेपासून लांब लावायचा असतो. जिथं कुणाचं काही नाही तिथं. त्या वासानं लांबलांबून येतात ते, आणि आलेल्यांतले पिशवीत पडतात थोडे. बाकीचे आसपास खातात आणि जिथं माती ओली असेल तिथं अंडी घालतात. यंदा ओल होती कुठं?"

काकूंच्या डोळ्यांपुढं रोज संध्याकाळची रबरी नळी आली.

"तुम्ही विचारलंच नाहीत मला, कुठं लावायचे ते. पिशवी घेतली आणि निघालात."

"आता काय करायचं?"

"औषधाचे दिवस गेले. अळी जाड झाली की तिला ते लागत नाही. आणि अळी मेली तरी तुटलेली मुळं थोडीच परत येणार? आता एकच, सगळं उपटून माती उलटी करायची. ऊन लागेल, पाखरं वेचतील. थंडी पडायच्या आत करा, कारण थंडीत त्या खोल जातात. आणि नाही केलंत तर उन्हाळ्यात सगळ्यांना पंख फुटणार. यंदा आले ते पाहुणे होते. पुढच्या वर्षीचे तुमच्या घरचे असतील."

काकू चालत परत आल्या. वाटेत त्यांना जाऊबाईंचा एकेक शब्द आठवला. आवतण देतेयस, म्हणाल्या होत्या. गवतात शिरतात, मी रोज बघते, म्हणाल्या होत्या. दुकानदारानं जे आत्ता सांगितलं ते त्या बाईनं विटांच्या कडेला उभं राहून उन्हाळ्यातच सांगितलं होतं, आणि काकूंनी उत्तर म्हणून एक सापळा वाढवला होता.

उद्यान खात्याच्या मॅडम दोन दिवसांनी येणार होत्या. काकूंनी शिंपीदादांना काय ते सांगितलं. शिंपी हुशार. त्यांनी मशीनवरचा पाय काढला नाही.

"वरून हिरवी आहे ना?"

"वरून आहे."

"मग झालं. ह्या हवेत मुळं तुटलेलं गवतही पाणी मारलं की काही दिवस हिरवं राहतं. मॅडम फाटकातून बघतात, आत येतात कुठं? त्यांनी 'जिवंत' लिहिलं की वर्षाची बेगमी. मग बघू सावकाश. पण आत्ता उकरायचं नाव काढू नका, उकरलेलं दिसलं की साहेब लोक त्याच दिवशी फरश्या टाकतील."

"आणि थंडीत त्या खोल गेल्या की? उन्हाळ्यात वर आल्या की?"

"उन्हाळ्यात भुंगेरे काय, सगळ्या गावातच असणार आहेत. काकू, आधी डोकं वाचवा, टोपीचं नंतर बघू. एकदा इथं फरश्या बसल्या ना, की तुमच्या नातवंडांची नातवंडं आली तरी निघणार नाहीत."

खोटं काय होतं त्यात? काकूंनी त्या संध्याकाळी नळी लावली आणि पाणी मारलं. हिरवळ अशी खुलली की फाटकावरून जाणारा एकजण थांबून बघून गेला.

पाणी मारता मारता त्या विटांच्या कडेपर्यंत आल्या. जाऊबाई खिडकीखाली वाकून छाटलेल्या बुंध्यांवरून बोटं फिरवत होत्या. हल्ली त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, बोटांनी जास्त. प्रत्येक बुंध्याला कोवळी, तांबूस पालवी फुटली होती. पुढच्या उन्हाळ्यात पितळ्यांच्या तोंडी आधी जाणार ती हीच.

"जाऊबाई."

"काय गं?"

"उन्हाळ्यात तुम्ही म्हणाला होतात..."

"काय म्हणाले होते?"

काकूंच्या जिभेवर शब्द आले आणि दाताशी येऊन थांबले. इतक्या वर्षांची सवय, एका संध्याकाळी मोडते थोडीच.

"काही नाही."

"धाकटे, बोलायला आलीयस की पाणी प्यायला?"

"पाणीच द्या."

जाऊबाईंनी पाणी आणून दिलं. ते उभ्यानं पिऊन काकूंनी भांडं परत दिलं आणि नळी गुंडाळून घरी गेल्या. जेवताना बॉयलरकाकांनी काय काय विचारलं, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

मॅडम आल्या त्या दिवशी अर्धी वसाहत फाटकाशी. शिंप्यांनी ठेवणीतला शर्ट घातलेला. मॅडमना अजून चार ठिकाणी जायचं होतं. त्यांनी फाटकातूनच नजर फिरवली आणि पेन काढलं.

"छान ठेवलीय हो काकू. आहे जिवंत."

शिंप्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. आणि काकू म्हणाल्या, "आत या ना, मॅडम. चप्पल तेवढी काठावर काढा."

"काकू, मॅडमना घाई आहे," शिंपी म्हणाले.

"दोन मिनिटांनी काय होतंय?"

मॅडमनी चपला काढल्या, आत आल्या, आणि चार पावलांवर थबकल्या. त्यांच्या पायांना कळलं असावं. काकू खाली वाकल्या. दोन्ही हातांनी गवताची कड धरली आणि उचलली. झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर ओढावी तशी हिरवळ निघत गेली. खाली पांढऱ्या अळ्या उन्हात वळवळल्या. फाटकाशी कुणी तरी "अगं बाई" म्हणालं.

मॅडम मागं सरकल्या. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मला का दाखवलंत?"

"तुम्ही जिवंत लिहीत होतात म्हणून."

"काकू, मी लिहिलंच होतं जवळजवळ."

"मला एक वर्ष द्या. सगळं उकरते, पुन्हा लावते. एकदा राखेतून केलंय, मातीतून नाही का होणार?"

मॅडमनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. वाईट नव्हती ती बाई. वाईट असती तर काकूंना सोपं गेलं असतं. "माझ्याकडं दोनच शब्द आहेत, काकू. आहे किंवा नाही. 'होईल' असा रकानाच नाहीये." एवढं बोलून त्यांनी चपला पायात घातल्या.

त्या गेल्यावर शिंपी फुटले. "घरभेदीपणा म्हणतात ह्याला! किती खेटे घातले मी! किती जणांच्या पाया पडलो!"

"शिंपीदादा, शिवण उसवली असली तर वरून इस्त्री मारून गिऱ्हाइकाला देता का तुम्ही?"

"गिऱ्हाईक परत येतं, काकू," शिंपी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "जागा येत नाही."

शिंपी गेले आणि त्यांच्यामागं सगळे गेले. त्या दिवसापासून कितीतरी जण काकूंशी बोलेनासे झाले, आणि त्यांचंही काही चुकलं नाही.

काकूंनी फावडं घेतलं. गवताच्या पट्ट्या काढायच्या, एका बाजूला रचायच्या, माती उलटी करायची. पाखरं अगदी फावड्याच्या पात्यापर्यंत यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचं दार उघडलं आणि जाऊबाई साबणाच्या पाण्याची बादली घेऊन, चाचपत चाचपत, विटांची कड ओलांडून आल्या. खाली बसल्या. मातीत बोटं घालून अळ्या वेचायला लागल्या. बोटांनाच त्यांना बरोबर सापडायच्या.

बादलीचा तळ अळ्यांनी झाकला गेला.

"कुणी सांगितलं होतं तुला हे करायला?" शेवटी जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही."

"मी? मी कधी?"

"उन्हाळ्यातच सांगितलं होतंत, काढ ते सगळं इथून म्हणून. मी ऐकलं नाही." काकूंनी फावडं मातीत रोवलं आणि दांड्याला धरून उभ्या राहिल्या. "तुमचं होतं म्हणून ऐकलं नाही."

जाऊबाईंनी हातातली अळी बादलीत टाकली. दुसरी शोधली. तीही टाकली.

"माझ्या चार झुडपांपायी सगळ्या वसाहतीचं अंगण घालवलंस," त्या म्हणाल्या. "अक्कल कधी यायची गं तुला?"

"आली. उशिरा आली."

"माझी तर अजून आली नाही. नाही तर तुला, नव्या नवरीला, चारचौघांत बोलले असते का, पोरी?" आणि त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला, पण हाताला माती होती, म्हणून तसाच खाली घेतला.

थंडी पडायच्या आत सगळी जागा उकरून झाली. काळी, भुसभुशीत, एकही अळी नसलेली. लावायला घेतली असती तर मूठभर वेलींत पुढच्या पावसाला हिरवी झाली असती. पण लावायचा हुकूम नव्हता. वाहनतळासाठी खडीच्या गाड्या आल्या, आणि एका सकाळी रोलर आला.

काकूंनी खिडकी लावून घेतली आणि भाजी चिरत बसल्या. बॉयलरकाका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, इकडं तिकडं बघितलं, आणि उठून भिंतीला तळहात टेकवला. असंच ते पूर्वी बॉयलरला हात लावून ओळखायचे, आत काय चाललंय ते.

"मोठं मशीन आहे गं," ते म्हणाले. ह्या वेळी ओरडून नाही. "फिरून फिरून येतंय. काय करतायत?"

काकूंनी चिरलेली भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आपलाही तळहात भिंतीवर ठेवला. थरथर यायची, लांब जायची, पुन्हा जवळ यायची. खिडकीकडं कुणीच गेलं नाही. थरथर थांबेपर्यंत दोघं तशीच उभी होती.